ध्यानाला बसलं की चुळबूळ का होते आणि कंटाळा का येतो?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ साली ठराव केला आणि २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरला. तेव्हापासून डिसेंबर आला की ध्यानाचे फायदे सांगणाऱ्या मजकुराला पूर येतो. झोप सुधारते, ताण हलका होतो, लक्ष टिकतं. हे वाचून माणूस उत्साहाने बसतो, डोळे मिटतो आणि चौथ्या मिनिटाला त्याला उठावंसं वाटू लागतं. पाठीला खाज सुटते. कुणाला तरी फोन करायचा राहिलाय हे नेमकं तेव्हाच आठवतं. एक डोळा किलकिला करून घड्याळ पाहिलं जातं. असं आठ-दहा दिवस चालतं, मग आसन गुंडाळून कपाटात जातं आणि निकाल लागतो, 'हे काही आपल्याला जमायचं नाही.'

हा निकाल मला फार खटकतो. फायद्यांची यादी देणारे मधल्या वाटेबद्दल काहीच बोलत नाहीत, म्हणून चांगली धडपड करणारी माणसं उगाच स्वतःला नापास करून घेतात. चुळबूळ आणि कंटाळा या दोघांशी कसं वागायचं हे शिकणं हाच सुरुवातीच्या ध्यानातला मोठा भाग आहे. ते दोघे आले म्हणजे काम सुरू झालं.

## ध्यानात नेमकं करायचं काय असतं?

पद्धती पुष्कळ आहेत, पण नवशिक्याला दिल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धतींचा सांगाडा एकच असतो. लक्ष ठेवायला काहीतरी एक निवडायचं, बहुधा श्वास किंवा नाम. लक्ष तिथे ठेवायचं. ते निसटलं की निसटल्याचं ओळखायचं आणि परत आणायचं. विचार बंद पाडणं ही यात कुठेही अट नाही.

२०१२ साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हासेनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमित ध्यान करणाऱ्या १४ जणांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात बसवलं... खरं तर झोपवलं, त्या यंत्रात आडवंच व्हावं लागतं. श्वासावर लक्ष ठेवा आणि मन भटकल्याचं लक्षात आलं की बटण दाबा, एवढीच सूचना होती. त्यातून एक चक्र दिसलं. मन भटकतं, भटकल्याचं कळतं, लक्ष वळवलं जातं, थोडा वेळ टिकतं आणि पुन्हा भटकतं. या चारही टप्प्यांना मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागतात. सरावलेल्या माणसांनीही बटण पुन्हा पुन्हा दाबलं होतं, हे मला यातलं सगळ्यात दिलासा देणारं वाटतं.

थोडक्यात, मन वीस वेळा पळालं आणि वीस वेळा तुम्ही ते ओळखलंत, तर वीस वेळा सराव झाला. गीतेच्या सहाव्या अध्यायातही सूचना अशीच आहे. मन जिथून जिथून निसटेल, तिथून तिथून ते परत आणावं. निसटणारच नाही असं मन तिथे कुणी गृहीत धरलेलं नाही.

## नुसतं बसणं इतकं जड का जातं?

याचं उत्तर ध्यानाच्या बाहेर शोधावं लागतं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन यांच्या गटाने २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना रिकाम्या खोलीत काही मिनिटं एकटं बसवलं, हातात काही दिलं नाही आणि आपल्याच विचारांत वेळ घालवा असं सांगितलं. बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. एका प्रयोगात खोलीत विजेचा सौम्य झटका देणारं बटण ठेवलं होतं. झटका कसा लागतो हे आधी दाखवलेलं होतं, आणि तो टाळण्यासाठी आपण पैसेही देऊ असं या मंडळींनी सांगितलेलं होतं. तरी पंधरा मिनिटांत १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःला किमान एकदा झटका देऊन घेतला. ही माणसं ध्यान करत नव्हती हे ध्यानात घ्यायला हवं. पण काहीच न करता बसणं माणसाला किती नकोसं होऊ शकतं, ते यातून दिसतं.

दुसरं कारण मेंदूच्या नेहमीच्या चालीत आहे. हातात काम नसलं की मेंदू बंद पडत नाही. उलट त्याचे काही ठराविक भाग तेव्हाच जास्त कार्यरत होतात. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मेंदूच्या या चालीला 'डिफॉल्ट मोड' म्हटलं, आणि पुढे या भागांच्या जोडणीला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' हे नाव पडलं. सोप्या भाषेत, रिकाम्या वेळी आपोआप चालू होणारी यंत्रणा. कालचं बोलणं उगाळणं, उद्याची जुळवाजुळव, 'लोक माझ्याबद्दल काय म्हणत असतील' याचा हिशेब, या सगळ्यात तिचा मोठा हात असतो. डोळे मिटून बसलात की तिला आयतंच रान मोकळं मिळतं.

तिसरं कारण वेगाचं. भरधाव बसने ब्रेक लावला की आतले प्रवासी पुढे फेकले जातात. ब्रेक लागला म्हणूनच तो हिसका बसतो. दिवसभर आपण एका कामातून दुसऱ्यात, एका पडद्यावरून दुसऱ्यावर धावत असतो. बसल्यावर शरीर थांबतं, मनाचा वेग मात्र तसाच असतो, आणि हा हिसका आपल्याला चुळबूळ म्हणून जाणवतो. ध्यानाने अस्वस्थता वाढली असं वाटतं खरं, पण बऱ्याचदा ती सकाळपासून होतीच, कामाच्या धबडग्यात दिसत नव्हती.

यातूनच पहिली उपयोगी गोष्ट निघते. फोन खाली ठेवून त्याच क्षणी डोळे मिटू नका. मधे पाच मिनिटं ठेवा. सावकाश चाला, अंग मोकळं करा, पाणी प्या. ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. माझ्या मते नवशिक्याने पंधरा मिनिटं काढली तर त्यातली पाच यातच घालवावीत.

## चुळबूळ वेगळी, कंटाळा वेगळा, पेंग वेगळी

बाहेरून तिन्हींचा परिणाम एकच, उठावंसं वाटतं. पण उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून आधी ओळख पटवावी लागते.

चुळबुळीत अंगात ऊर्जा जास्त असते. छाती-पोटात धडधड, पायात वळवळ, डोक्यात यादी. कंटाळ्यात जाग असते, ऊर्जाही असते, पण समोर जे आहे त्यात मन रमत नाही आणि दुसरं काहीतरी हवं असतं. पेंगेत जागच मंदावते, मान झुकते, श्वास कुठे गेला ते कळत नाही. आणि एक फसवा प्रकार म्हणजे कंटाळ्याचं रूप घेऊन आलेली पेंग. 'फार कंटाळवाणं आहे हे' असं वाटतं, प्रत्यक्षात झोप अपुरी झालेली असते.

जुन्या लोकांनी हे फार बारकाईने पाहिलं होतं. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या पाच अडथळ्यांना नीवरणं म्हणतात. त्यात आळस-सुस्तीचं नीवरण वेगळं आणि चंचलता-हुरहुर यांचं वेगळं. पतंजलींच्या योगसूत्रांत नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजले आहेत आणि पुढच्याच सूत्रात त्यांच्यासोबत येणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. मनाची खिन्नता, अंगाची थरथर-अस्थिरता आणि बिघडलेला श्वास त्यात येतात. म्हणजे चुळबूळ शरीरात उतरते हे तेव्हाही ठाऊक होतं. अद्वैत वेदान्तातले जुने आचार्य गौडपाद यांच्या मांडूक्यकारिकेत तर उपचारच दोन ओळीत येतो. मन पेंगायला लागलं तर जागं करा, विखुरलं तर शांत करा. पेंगणाऱ्या मनाला आणखी शांत करायला गेलं की घोरणं ऐकू येणार, आणि उधळलेल्या मनाला आणखी चेतवलं की माणूस उठून जाणार.

पेंगेचं लवकर आटोपतो. डोळे अर्धवट उघडा, पाठ सरळ करा, उभं राहा. तरी रोज पेंग येत असेल तर रात्रीची झोप पाहा. अपुऱ्या झोपेची भरपाई ध्यानाने होत नाही.

## चुळबूळ सुरू झाली की

पहिली प्रतिक्रिया दाबण्याची असते. दात-ओठ खाऊन स्थिर बसायचं. त्याने खांदे आवळले जातात आणि चुळबूळ वाढते. त्याऐवजी ती शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधा. 'मी अस्वस्थ आहे' हे फार मोघम झालं. उजव्या मांडीत ताण आहे, जबडा घट्ट आहे, बेंबीच्या वर काहीतरी फडफडतंय, असं हाती लागलं की लक्षाला धरायला जागा मिळते. मग तीच जागा थोडा वेळ ध्यानाचा विषय होऊ द्या, श्वास नंतर बघू.

खाजेचं उदाहरण घ्या, कारण ते प्रत्येकाला मिळतंच. नाकाच्या शेंड्याशी खाज सुटते. पहिल्यांदा नुसती टोचणी असते, टाचणीच्या टोकाएवढी. मग ती पसरते, गरम होते आणि 'आत्ता खाजवलं नाही तर सहनच होणार नाही' असा एक ठाम विचार येतो. हात अजून मांडीवर असतो, पण बोटांत तयारी झालेली जाणवते. इथे दोन गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. एक कातडीवरची संवेदना, दुसरी तिला घालवण्याची घाई. संवेदना तशी मामुली असते, छळते ती घाई. आणखी काही श्वास पाहत राहिलात तर बहुतेक वेळा खाज तुटक होते, मधेच नाहीशी होते, दुसरीकडे उगवते, आणि केव्हा संपली ते कळत नाही. हे एकदा स्वतःच्या नाकावर पाहिलं की पुस्तकातल्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त पटतं.

श्वासाचाही उपयोग होतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हा शरीराचाच नियम आहे. म्हणून पाच-सात वेळा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, जोर न लावता. लक्ष फार आवळून धरलं असेल तर सैल करा. नाकपुडीपुरतं न ठेवता सगळं बसलेलं शरीर आणि भोवतालचे आवाज, एवढं मोठं अंगण मनाला द्या.

कधी कधी मात्र चुळबुळीमागे खरंच एखादं राहिलेलं काम असतं. बौद्ध परंपरेने चंचलतेला हुरहुरीशी, म्हणजे केल्या-न केल्याच्या टोचणीशी, जोडलं ते उगाच नाही. यावर साधा उपाय म्हणजे बसण्याआधी कागदावर लिहून काढणं. नुसतं 'बिल भरायचं' असं लिहू नका, 'उद्या अकरा वाजता बिल भरायचं' असं लिहा. मासिकॅम्पो आणि बॉमिस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की अपुऱ्या कामाची ठोस योजना केली की ते काम पूर्ण न करताही त्याचे मधे मधे घुसणारे विचार कमी होतात.

आणि तरीही बसवतच नसेल, तर चाला. झेन परंपरेत दोन बैठकींच्या मधे चालण्याचं ध्यान असतं. दहा-पंधरा पावलं सावकाश जायचं, वळायचं, परत यायचं, लक्ष तळपायावर. पुष्कळ जण याला दुय्यम समजतात. फार अस्वस्थ माणसाने सुरुवातच चालण्यापासून करावी असं मला मनापासून वाटतं.

## मग हलायचंच नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात काही दिवसांनंतर रोज तीन वेळा एकेक तास शक्यतो न हलता बसायला सांगतात. त्याला अधिष्ठान म्हणतात. पण तिथे त्याआधी तयारी झालेली असते आणि विचारायला आचार्य असतात. घरी पहिल्याच आठवड्यात तो नियम स्वतःवर लादायचं कारण नाही.

मधला मार्ग असा. हलावंसं वाटलं की लगेच हलू नका. तीन श्वास थांबा, ती ऊर्मी पाहा. मग हवं असेल तर सावकाश, जाणीवपूर्वक हला. नकळत झालेली हालचाल आणि ठरवून केलेली हालचाल यांत सरावाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दुखण्याचं मात्र वेगळं. पायाला मुंग्या येणं हे बहुधा नसांवरच्या दाबाने होतं, पाय सोडला की जातं. गुडघ्यात तीव्र, टोचल्यासारखी कळ येत असेल किंवा उठल्यावरही दुखणं राहत असेल, तर ती सोसू नका. खुर्चीत बसा. मांडी घालण्यात ध्यान नाही.

## कंटाळ्याचं काय करायचं?

मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा की समाधान देणाऱ्या कशात तरी गुंतावंसं वाटतं पण गुंतता येत नाही, तेव्हा होणारा त्रास म्हणजे कंटाळा. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कंटाळा वस्तूत नसतो. तो लक्ष आणि वस्तू यांच्या सांध्यात असतो.

श्वासाचा कंटाळा का येतो? कारण सतत सारख्याच येणाऱ्या संवेदनेकडे मज्जासंस्था हळूहळू दुर्लक्ष करू लागते. अंगावरच्या कपड्याचा स्पर्श तुम्हाला आत्तापर्यंत जाणवत नव्हता, तो याचमुळे. श्वास आयुष्यभर चालू आहे, म्हणून मेंदूने त्याला कधीच 'माहीत आहे' या खात्यात टाकलंय. आपण श्वास पाहतोय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा आपण श्वासाची कल्पना पाहत असतो, आणि कल्पना दोन मिनिटांत शिळी होते.

म्हणून जवळ जा. एकच श्वास घ्या. आत येताना हवा गार लागते, ती उजव्या नाकपुडीत जास्त की डाव्या? श्वास भरत आला की शेवटी छाती उचलली जाते की पोट? भरल्यावर आणि सोडायला लागण्याआधी एक बारीक थांबा आहे, तो केवढा? बाहेर जाणारी हवा किंचित उबदार असते, तिचा स्पर्श वरच्या ओठावर कुठे संपतो? सोडून झाल्यावरचा थांबा पहिल्यापेक्षा मोठा आहे का? आणि पुढचा श्वास तुम्ही घेता की तो आपोआप येतो? एवढं पाहिलंत तर पुढचा श्वास अगदी तसाच नव्हता हेही दिसतं. इतकं बारीक जमत नसेल तर एक ते दहा मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. चौदावर पोचल्याचं लक्षात आलं, तर मन कधी सुटलं तेही कळलं.

इतकं करूनही कंटाळा उरला, तर कंटाळ्यालाच पाहा. तो शरीरात कुठे आहे? डोळ्यांमागे जडपणा आहे का? 'यातून काही मिळत नाहीये' हा आवाज कोणत्या सुरात बोलतोय? गंमत अशी की कंटाळा कुतूहलाने पाहिला की तो फार वेळ कंटाळा राहत नाही.

'मग पद्धतच बदलू का? संगीत लावलं तर?' असं विचारणारे भेटतात. मार्गदर्शक सूचना ऐकत बसणं सुरुवातीला उत्तम. मंद संगीतानेही काही बिघडत नाही, फक्त मग तुम्ही संगीताने शांत होताय हे ओळखून असा. पद्धत बदलण्याबाबत मी जरा कडक आहे. दर चार दिवसांनी नवी पद्धत धरली की प्रत्येक वेळी नावीन्याचा उत्साह मिळतो आणि कंटाळा येण्याच्या जागेपर्यंत आपण पोचतच नाही. एक पद्धत दीड-दोन महिने धरा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुजवलेला सजगतेचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे, तेवढी मुदत कुणालाही वाजवी वाटेल.

## पण हे सोसून मिळतं काय?

ऊर्मी आणि कृती यांच्यात जागा मिळते. ॲलन मार्लट हे मानसशास्त्रज्ञ व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करत. दारूची किंवा सिगारेटची तल्लफ चढते, शिगेला पोचते आणि ओसरते, तेवढा वेळ तिच्याशी न भांडता आणि तिच्यामागे न जाता तिला पाहत राहायचं, असं ते शिकवत. नाकावरच्या खाजेबाबत तुम्ही केलंत ते नेमकं हेच होतं. रांगेत उभं असताना फोनकडे जाणारा हात, बोलणाऱ्याला मधेच तोडायची घाई, रागाने टाइप केलेला निरोप पाठवायची उबळ, सगळ्यांची बनावट तीच. बैठकीत पाहिलेली ऊर्मी बाहेर लवकर ओळखू येते. लगेच नाही, पण येते.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलपणाची भरपूर तक्रार झाल्यावर मनाचा एक चांगला गुणही सांगितला आहे. जिथे गोडी लागते तिथे ते सोकावतं, म्हणून त्याला आतल्या अनुभवाचं सुख दाखवत जावं. धाकदपटशा दाखवा असं तिथे म्हटलेलं नाही. म्हणून बैठक लहान ठेवा. दहा मिनिटं रोज, आणि अजून थोडं बसावं असं वाटत असतानाच उठा. रविवारी एकदम तासभर बसून सहा दिवस सुट्टी घेण्यापेक्षा हे पुष्कळ बरं. पतंजलींनीही सराव दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तरच पक्का होतो असं म्हटलं आहे. यातला आदर स्वतःच्या पळणाऱ्या मनाबद्दलही असावा, असं मी समजतो.

## कधी थांबावं?

प्रत्येक अस्वस्थता पाहत बसण्याजोगी नसते. हाइडे आणि बोर्कोवेक यांनी १९८३ सालीच नोंदवलं होतं की चिंताग्रस्त लोकांपैकी काहींना शरीर सैल करण्याच्या सरावातच चिंता वाढल्याचा अनुभव येतो. २०१७ साली लिंडाल, ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यात भीती, झोप उडणं, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं असे त्रासही लोकांनी सांगितले.

तेव्हा बैठकीत छातीत धडकी भरत असेल, जुना आघात डोळ्यांसमोर उभा राहत असेल, किंवा उठल्यावरही तासन्‌तास भोवतालचं खोटं वाटत असेल, तर डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या, कुणाशी तरी बोला. त्या दिवशीची बैठक तिथेच संपली. असं पुन्हा होत असेल तर लांब बैठका आणि शिबिरं बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मानसिक आजारासाठी औषधं चालू असतील तर ध्यान सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगा, आणि ध्यानाने बरं वाटू लागलं म्हणून त्यांना न विचारता औषध बंद करू नका.